पहिल्या घोटाचा चेहरा

४ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. पाठ धरली आहे, तेव्हा सध्या अर्धाच समज, उरलेला आल्यावर करीन.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे पलीकडे पेले वाजत असतात, कोणीतरी "बाई, इकडे एक!" म्हणून ओरडतं आणि तू "हं, हं, बरं" करत फोन ठेवून देतेस. गेल्या वेळी मी पाय मुरगळल्याचं सांगितलं तर "छान, छान" म्हणालीस. म्हणून म्हटलं, बाबांसारखं सरळ पत्र लिहावं. पत्र निदान तू चष्मा लावून दोनदा वाचतेस.

बातमी मोठी आहे. यंदा आपली दुकानं दुप्पट होणार. भागीदारांनी परवाच होकार दिला. बाबा ज्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचे, त्या एका खोलीत तू चार टेबलं टाकून सुरू केलेलं हे प्रकरण कुठवर जाऊन पोचलंय बघ! मला कधीकधी स्वतःलाच चिमटा काढावासा वाटतो.

आता एक अडचण आहे. आजवर प्रत्येक दुकानात आपण तुझ्यासारखी छोटी भट्टी ठेवली आणि कॉफीचे दाणे तिथल्या तिथे भाजले. पण माणूस बदलला की भाजणं बदलतं, भाजणं बदललं की चव बदलते. इतक्या दुकानांना हे परवडणारं नाही. म्हणून शहराबाहेर एक मोठी भट्टी उभी केली आहे. सगळे दाणे तिथे भाजायचे आणि पिशव्या भरून दुकानांना पाठवायचे. तिथला भट्टीप्रमुख जाणता माणूस आहे. तो पुढच्या आठवड्यात तीन पिशव्या घेऊन तुझ्याकडे येईल. तिन्हीची कॉफी कर, चाख आणि कोणती घ्यायची ते कळव. तू म्हणशील ती पूर्वदिशा. भागीदार म्हणत होते, बाहेरून तज्ज्ञ बोलावू. मी म्हटलं, आमच्या घरात एक जीभ आहे, तिच्यापुढे तुमचे तज्ज्ञ पाणी भरतील. आई गेली त्या वर्षीच्या तापातून तू उठलीस, तेव्हापासून तुझा हात जो बसलाय तो चुकलेला मी पाहिलेला नाही.

दुसरं म्हणजे तुझा 'पहिला घोट' आता सगळ्या दुकानांत न्यायचा. कप ठेवल्यावर तू तिथेच घुटमळतेस, शेजारचं टेबल पुसल्यासारखं करतेस, आणि माणसाने पहिला घोट घेतला की त्याच्या चेहऱ्याकडे बघतेस. भिवई जरा जरी आखडली तर अक्षर न बोलता कप उचलतेस आणि दुसरा करून आणतेस. लोक त्याच्यासाठी येतात, ताई. मी प्रशिक्षणाच्या पुस्तकात त्याचं एक आख्खं प्रकरण घालतोय.

मास्तर अजून खिडकीजवळच बसतात ना? त्यांना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा


१३ जानेवारी

चि. धाकटे साहेब यांस,

आशीर्वाद पूर्णच देते, माझी पाठ ठणठणीत आहे. तू खुर्ची बदल. आणि पाय कधी मुरगळला होता? मला कोणी सांगितलंच नाही.

मास्तर खिडकीजवळच बसतात. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आल्या आल्या हजेरी घेतल्यासारखं सगळ्या टेबलांवरून नजर फिरवतात. समोरच्या दुकानातली शिवणवाली दुपारी मशीन थांबवून येते, तिचं आणि मास्तरांचं कशावरही भांडण होतं. काल टेबलाचा पाय डुगडुगतो तो उजवा की डावा, यावर झालं. तुझी बातमी सांगितली तेव्हा मास्तर म्हणाले, "पोरगा गाजवणार." शिवणवाली म्हणाली, "एक ना धड भाराभर चिंध्या." तिच्या मनावर घेऊ नकोस, तिला सगळीकडे चिंध्याच दिसतात.

तुमचे भट्टीवाले येऊन गेले. माणूस भला आहे, पण इतका नम्र की त्याला बसवायलाच वेळ लागला. मी तिन्ही पिशव्यांची कॉफी केली आणि म्हटलं, आधी पाहुण्यांनी घ्यायची, ही आमच्या दुकानाची रीत. पहिला कप त्याने घेतला तसाच ठेवला. दुसरा घेतला आणि चेहरा असा उजळला की मलाच हसू आलं. तिसऱ्याला मात्र तो क्षणभर गप्प झाला, डोळे मिटले, आणि मग घसा खाकरून खिडकीबाहेर बघायला लागला.

तेव्हा दोन नंबर. यात आणखी काही विचारायचं नाही.

तुझ्या पुस्तकाबद्दल सांगते. ते प्रकरण घालू नकोस. मी जे करते ते काही शिकवण्यासारखं नाही, ती माझी सवय आहे. माणसं चांगली ठेव, त्यांना घाई करू नकोस, आपोआप येईल. आणि कपांना झाकणं लावणार आहेस असं ऐकलं. झाकणाखाली माणूस काय पितो ते त्याला कळत नाही आणि आपल्याला तर मुळीच कळत नाही. पी हळद अन् हो गोरी असं होत नसतं, जरा दमाने घे.

जेवणाच्या वेळा पाळ.

ताई


२१ मार्च

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. गेल्या दोन महिन्यांत मी घरी कमी आणि नवीन दुकानांच्या फिती कापायला जास्त गेलो. कात्री खिशात घेऊनच फिरतो असं तुझी भावजय म्हणते.

दोन नंबर म्हणालीस आणि माझा जीव भांड्यात पडला. मोठ्या भट्टीत तीच सगळ्यांत लवकर होते आणि प्रत्येक खेपेला सारखी उतरते. भट्टीप्रमुख तर नाचायचा बाकी होता. सगळ्या दुकानांत तीच सुरू केली आहे. आता कुठेही जा, तीच चव. परवा एका प्रवाशाने मला सांगितलं, "तुमच्याकडे आलं की कुठल्या शहरात आहे तेच विसरायला होतं." याहून मोठी पावती कोणती?

'पहिला घोट' झकास चालला आहे. काउंटरवरचा माणूस हसून विचारतो, "पहिला घोट कसा वाटला?" गिऱ्हाईक सांगतं, मग तो समोरच्या यंत्रावरचं बटण दाबतो. शंभरातले सत्त्याण्णव जण 'छान' म्हणतात! बैठकीत मी हा आकडा सांगितला तेव्हा भागीदारांनी टेबल वाजवलं. झाकणांचं म्हणशील तर त्याला इलाज नाही, निम्मी माणसं चालता चालता पितात.

आणि आता तुझ्यासाठी गंमत. प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर तुझा फोटो लागणार आहे. मागे मी काढला होता तो, कप ओठाला लावलेला. खाली लिहिलंय, 'ताईने चाखलेली.' हा माझाच शब्द, कोणा जाहिरातवाल्याचा नाही.

आपल्या पहिल्या दुकानालाही एप्रिलपासून याच पिशव्या येतील. एकाच घरात दोन चुली कशाला? तुझी मागच्या खोलीतली भट्टी मे महिन्याच्या शेवटी आमची माणसं येऊन काळजीपूर्वक उचलतील. ती मुख्य कचेरीच्या दारात काचेच्या पेटीत ठेवायची आहे, वर दिवा लावून. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं पाहिजे की सुरुवात कुठून झाली. मागची खोली रिकामी झाली की तिथे खिडकी काढू, बाहेरच्या बाहेर कप देता येतील. तुझे कष्टही वाचतील. आता तू खुर्चीत बसायचं आणि लोकांनी तुला बघायचं.

धाकटा


३ मे

धाकट्या,

तुझं पत्र आलं तेव्हा लगेच उत्तर लिहायला बसले होते. पण म्हटलं, आधी पिशव्या येऊ देत, उगाच आधीपासून नन्नाचा पाढा नको. महिना झाला, आता लिहिते.

मास्तर कप निववून पितात. पूर्वी कधी निवू देत नव्हते, ओठ पोळले तरी. आता खिडकीबाहेर बघत बसतात, आणि गार झालं की औषधासारखं एका दमात संपवतात. शिवणवाली साखर मागते, मग पुन्हा मागते. मी कप उचलला, दुसरा केला. तोही उचलला. तिसऱ्या वेळी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "राहू दे ग, उगाच किती खेपा घालशील." रोज येणारी काही माणसं आता रस्त्याच्या पलीकडून जातात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. ते मला सगळ्यांत जास्त लागतं. न आवडलेल्या माणसाने तोंडावर सांगावं, पण लाजून पलीकडून जावं?

बुधवारी दुकान बंद असतं, म्हणून बसमध्ये बसले आणि तुझं बसथांब्यासमोरचं नवीन दुकान बघून आले. तुला मुद्दाम सांगितलं नाही. माझा फोटो बघितला. दाराएवढा आहे रे! त्याच्याखाली मी उभी होते आणि मला एकानेही ओळखलं नाही. बरंच झालं. काउंटरवर एक बाई होती, तिशीची असेल, उभं राहून पाय दुखत होते हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. तिने कप दिला, झाकण लावून. म्हटलं, मी इथेच बसून पिणार आहे. म्हणाली, "झाकण लावूनच द्यायचं, मावशी, नियम आहे." मग हसली आणि विचारलं, "पहिला घोट कसा वाटला?" हसू माझ्याकडे होतं आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. माझ्या मागे रांग होती. काय करणार, मीसुद्धा 'छान' म्हणाले. माझ्या पुढच्या माणसाने तर घोट घ्यायच्या आधीच 'छान' म्हणून टाकलं होतं.

तुझा सत्त्याण्णवचा आकडा असा तयार होतो, साहेब. दुसरा आकडा तुला दारातल्या टोपलीत मिळेल. बाहेर पडताना कप टाकायला गेले, तर टोपली हलेना. अर्धे, पाऊण भरलेले कप, झाकणासकट. तुमचे 'छान' बैठकीत जातात आणि कॉफी टोपलीत.

त्या बाईचा यात काडीचा दोष नाही. तिला तू बघायला शिकवलं नाहीस, विचारायला शिकवलंस. विचारलं की माणसं चांगलंच सांगतात, त्यांनाही घरी जायचं असतं.

माझं एक मागणं आहे. आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही, म्हणून हे एकच. माझी भट्टी नेऊ नकोस. पिशव्या तुला हव्या तिथे पाठव, पण माझ्या दुकानात मला माझे दाणे भाजू देत. मला खुर्चीत बसवून लोकांना दाखवायला मी अजून मेलेली नाही.

बाकी बरं आहे. परवा एक फजिती झाली. मी मास्तरांशी बोलत शेगडीसमोरच उभी, पाठ दुधाकडे, आणि शिवणवाली रस्ता ओलांडून धावत आली, "अगं दूध करपलं, करपलं!" भांडं काळं ठिक्कर. नाक आहे की काय त्या बाईला! मास्तरांना तर बारा महिने सर्दी, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची. दोन दिवस भांडं घासतेय.

ताई


९ मे

ताई,

तुझं पत्र वाचलं. आता बोलतो.

दोन नंबर तू निवडलीस. मी नाही, भागीदारांनी नाही, तू. "यात आणखी काही विचारायचं नाही" हे तुझे शब्द आहेत, पत्र माझ्यासमोर आहे. त्या शब्दावर मी इतक्या दुकानांची उलाढाल उभी केली. आता तूच माझ्या दुकानात वेशांतर करून गेल्यासारखी जातेस, माझ्या माणसांच्या चुका काढतेस, कचऱ्याची टोपली हलवून बघतेस, आणि वर सांगतेस की कॉफी पिववत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुझ्या फोटोखाली 'ताईने चाखलेली' असं लिहिलंय ग! आता लोकांना काय सांगू? ताईची जीभ म्हातारी झाली?

मला वाटतं, तुला हे वाढणंच सोसत नाहीये. चार टेबलं, मास्तर आणि शिवणवाली एवढंच जग तुला पुरतं. मला पुरत नाही, आणि त्याची लाज मला वाटावी असं मी काही केलेलं नाही. आणि खरं सांगू? मला दुखलं. कोणी दुसरा बोलला असता तर सोडून दिलं असतं.

भट्टी न्यायला माणसं ठरल्याप्रमाणे येतील. काचेची पेटी तयार आहे.

धाकटा


११ मे

ताई,

परवाचं पत्र पोस्टात टाकून घरी आलो आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. तुझ्यासारखं, दोनदा.

दूध शेगडीवर करपत होतं आणि तू समोर उभी होतीस. वास रस्त्यापलीकडे शिवणवालीला गेला.

ताई, तुला वास येत नाही का? कधीपासून?

आणि वास येत नाही तर चव?

मी भट्टीवाल्यांच्या खेपेचं पत्र काढून बघितलं. त्यात त्याने कसा घोट घेतला ते सगळं आहे. तू घोट घेतलास हे कुठेच नाही.

लवकर लिही.


१७ मे

प्रिय धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. रागाचं आधी वाचलं, घाबरलेलं नंतर. रागाचं परत घ्यायची गरज नाही, त्यातलं बरंचसं खरं आहे.

त्या तापातच गेलं. तू तेव्हा परीक्षेसाठी दूर होतास. ताप उतरला, अंगात जोर आला, पण नाक आणि जीभ परत आलीच नाहीत. मला ते पहिल्यांदा कॉफीवरून नाही कळलं. आईची शाल कपाटातून काढली आणि नाकाला लावली, तर नुसतं लोकरीचं कापड. वर्षानुवर्षं जो वास तिला होता तो नाही. तेव्हा मी भिंतीला टेकून खूप रडले. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही.

दुकान तर चालवायचं होतं. मग मी काय करणार? भट्टीपाशी कान लावायला शिकले. दाणा आधी तडतडतो, मग जरा गप्प बसतो, मग पुन्हा बोलायला लागतो. तो दुसऱ्यांदा बोलायच्या आत उतरवायचा. आणि कप झाला की माणसाकडे बघायचं. माझ्या जिभेचं काम त्यांच्या चेहऱ्याने करायचं. पहिल्या घोटाला माणूस सावध नसतो. मग मी कप उचलायचा की ठेवायचा ते ठरवते. तुझं जे आख्खं प्रकरण आहे ना पुस्तकात, ते एवढंच. चव न कळणाऱ्या बाईची धडपड. तुला वाटलं हात बसला. हात नाही रे, डोळे बसले.

तुला का सांगितलं नाही? आधी परीक्षा होती. मग दुकान चालायला लागलं आणि सांगायचं कारण उरलं नाही. मग तू 'ताईची जीभ, ताईची जीभ' करत सगळीकडे फिरायला लागलास, आणि तुझ्या तोंडावरचा तो अभिमान बघून माझी हिंमत झाली नाही. भट्टीवाले आले तेव्हा मात्र सांगायला हवं होतं. मी नेहमीसारखं चेहऱ्यावर सोडलं आणि तिथे फसले.

कशी फसले त्याचा विचार करत होते. माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाला माझ्याकडून कॉफीखेरीज काही नको असतं. म्हणून त्याचा चेहरा खरा. तुझ्या भट्टीवाल्याला नोकरी हवी होती. दुसऱ्या कपाला तो हसला ते कोणासाठी तरी हसला. तिसऱ्याला गप्प झाला, डोळे मिटले, ते खरं होतं. ते मला दिसलंही, आणि मी उजळलेला चेहरा धरून बसले. त्या माणसाला काढू नकोस, एवढं ऐक. तो वाईट नाही, घाबरलेला आहे.

आता तू मला एक सांग. तुझ्यासमोर कॉफी पिऊन शेवटचं तोंड कोणी वाकडं केलं होतं? आठवतं का? माझं नाक गेलंय, धाकट्या, पण तुझ्याभोवतीच्या सगळ्यांचे चेहरे गेलेत. मला तुझी जास्त काळजी वाटते.

फोटो काढून टाक. लोकांना कारण सांगायचं की नाही ते तू ठरव, मला लाज वाटत नाही.

भट्टीबद्दल पुन्हा विनवत नाही. फक्त एवढं समजून घे की ती काचेत ठेवलीस तर ती बोलणार नाही, आणि ती बोलली नाही तर मला करण्यासारखं काही उरत नाही. रोज सकाळी उठून कशासाठी खाली यायचं, हा माझा प्रश्न आहे. खुर्चीत बसायला मी येणार नाही.

मास्तर आजारी नाहीत, पण दोन दिवस आले नाहीत.

ताई


१५ जून

ताई,

माणसं भट्टी न्यायला आली नाहीत हे तुला कळलंच असेल. मी त्यांना थांबवलं. काचेची पेटी दारात रिकामीच आहे, वर दिवा लागलेला. येणारे-जाणारे थांबून आत काय आहे ते बघतात.

लिहायला महिना लागला, कारण आधी काहीतरी करून मग लिहायचं असं ठरवलं होतं. केलं ते फार थोडं आहे.

भट्टीप्रमुखाला बोलावलं. विचारलं, "तिसरी पिशवी चांगली होती ना?" तो दाराकडे बघायला लागला. मग म्हणाला, "साहेब, निघताना तुम्हीच म्हणाला होतात." मी काय म्हणालो होतो? मला आठवतच नव्हतं. जिना उतरता उतरता हसत म्हणालो होतो म्हणे, "ताईने दोन नंबर धरली म्हणजे देव पावला, बाकीच्या भाजायला वेळ फार लागतो." गमतीत. तो चेहरा मीच करून पाठवला होता, ताई. तू तो बरोबर वाचलास.

बैठकीत मी नवीन दुकानं थांबवा म्हणालो. भागीदार आधी हसले, मग हसायचे थांबले. छोट्या भट्ट्या परत आणायच्या म्हटल्यावर एकाने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" फोटो काढायलाही ते तयार नाहीत, लोकांना आवडतो म्हणतात. मी या खुर्चीत राहतो की नाही ते पुढच्या बैठकीत ठरेल. तुझ्या भावजयीला सांगितलं आहे, तुलाही सांगून ठेवतो. भीती वाटते का? वाटते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आठवून आठवून सापडलं नाही. म्हणून काल बसथांब्यासमोरच्या दुकानात गेलो. एकटा, न कळवता. पण तुझ्यासारखं माझं नशीब कुठे, सगळ्यांनी लगेच ओळखलं. एकजण खुर्ची पुसायला धावला. काउंटरवर तीच बाई होती, तू लिहिलं होतंस ती. म्हटलं, झाकण नको, इथेच पिणार आहे. तुझ्या फोटोखालीच बसलो.

ती कप घेऊन आली. हसली. तिचे डोळे घड्याळाकडे गेले. म्हणाली, "पहिला घोट कसा..."

म्हटलं, "विचारू नका. घड्याळाकडे नको, माझ्याकडे बघा. मी पितो, तुम्ही नुसतं बघा."

ती गोंधळली. मागे रांग थांबली होती, सगळे बघत होते. मी घोट घेतला. माझी कॉफी मी कितीतरी महिन्यांनी बसून, उघड्या कपातून प्यायलो. करपलेली आहे, ताई. तुझ्या त्या दुधाच्या भांड्यासारखी, आणि मला रोज वास येत असून कळलं नव्हतं. पण मी हसलो. बैठकीत हसतो तसा. सवयच झाली आहे, चेहरा आपोआप तसा होतो.

ती बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, छान आहे ना साहेब. पण तिचा हात पुढे आला. तिने माझ्यासमोरचा कप उचलला.

"बदलून आणते," म्हणाली.

आणि दोन पावलं गेली आणि थांबली. कारण बदलून आणायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. मागे सगळ्या त्याच पिशव्या. ती कप हातात धरून काउंटरपाशी उभी राहिली, मी टेबलापाशी बसून राहिलो, आणि आम्हा दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना.

मला रडू आलं. रांगेतल्या लोकांसमोर, तुझ्या दाराएवढ्या फोटोखाली. येऊ दिलं.

रविवारी येतोय. त्या बाईलाही बरोबर आणतोय, ती येते म्हणाली. भट्टी तापवून ठेव.

धाकटा